शाळेच्या भिंतीलगत

१२ नोव्हेंबर

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडलं नसशील तर पुढे वाच. आधी फोनच करणार होतो. तीनदा नंबर लावला आणि वाजायच्या आत ठेवून दिला. फोनवर माझं तोंड माझ्या ताब्यात राहत नाही, हे तूच म्हणायचीस. कागदावर निदान खोडता तरी येतं.

दीड वर्ष झालं. तुझी बदली झाली हे मला तुझ्याकडून नाही, हॉस्पिटलच्या गेटवरच्या वॉचमनकडून कळलं. "तुमच्या सिस्टर गेल्या की," तो म्हणाला. मी म्हणालो, "हो, माहितीये." दुसरं काय म्हणणार?

घरी सगळे बरे आहेत. मुंगी तिसरीत गेली. अजून तेच नाव चालू आहे. दीड वर्षाची असताना स्वतःपेक्षा मोठी उशी ओढत दारापर्यंत नेली होती, तेव्हा तू ठेवलेलं. हिचं शिवणकाम चालू आहे. मी त्याच गोदामावर, त्याच ट्रकवर.

एक काम होतं. माझ्याबरोबर एक ड्रायव्हर आहे. त्याच्या मुलाला धाप लागते. आठ वर्षांचा आहे. जिना चढला की छाती वाजते, झोपेतही खोकतो. डॉक्टरांनी दोन पंप लिहून दिलेत, एक तपकिरी आणि एक निळा. लोक म्हणतात, एकदा पंपाची सवय लागली की जन्मभर सुटत नाही. बिचारा गोंधळून गेलाय. रोज कुठला द्यायचा, धाप लागल्यावर कुठला, आणि ही सवय खरंच लागते का, एवढं लिहून पाठवशील का? त्याच्यासाठी विचारतोय.

उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही. पण दिलंस तर बरं होईल.

तुझा भाऊ


२ डिसेंबर

ताई,

पार्सल पोचलं. चिठ्ठीही. तुझी चिठ्ठी इतक्यांदा वाचली की आता पाठ झाली आहे. "तपकिरी रोज, सकाळी आणि संध्याकाळी, बरं वाटत असलं तरी. नंतर चूळ भरायची. निळा धाप लागल्यावर. सवय लागते ती श्वास घ्यायची. सोबतचा डबा पंपाला लावायचा, त्याला स्पेसर म्हणतात, त्याने औषध घशात न बसता छातीत उतरतं. आठ वर्षांच्या मुलीला मास्क लागत नाही, नळी तोंडात धरता येते."

मुलीला. मी मुलगा लिहिलं होतं, ताई.

हिने चिठ्ठी वाचली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. म्हणाली, "तुमच्या ताईंना फसवायला निघालात? तुमचं बारसं जेवलेल्या आहेत त्या." मग हसता हसता रडली. दोन्ही तुझ्यामुळेच.

हो, मुंगीच. आता लपवाछपवी पुरे झाली, तर सगळंच सांगतो. त्या दिवशी वॉर्डात तू विचारलंस, "पंप रोज देतोस ना?" मी म्हणालो, "देतो." पंप कपाटावरच्या जुन्या बॅगेत होता. शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, पोरीची जात, 'पंपवाली' म्हणून नाव पडेल, पुढे कोण पदरात घेईल? मलाही ते पटलं. काकूंवर ढकलत नाही. मला ते ऐकायचंच होतं, कारण पंप दिला की पोरीला दमा आहे हे मान्य करावं लागणार होतं. बॅगेत ठेवला की नाही.

तू पंप मागवून घेतलास आणि पाठीमागचा आकडा पाहिलास. दोनशेपैकी एकशे सत्त्याण्णव शिल्लक. मग सगळ्या वॉर्डासमोर म्हणालीस, "पोरीच्या श्वासापेक्षा शेजाऱ्यांचं तोंड मोठं झालं का रे तुला?" आणि मी म्हणालो, "जिला स्वतःचं पोर नाही, तिने मला शिकवू नये."

हे वाक्य तू विसरली असशील म्हणून लिहीत नाहीये. मीही विसरलेलो नाही, एवढं तुला कळावं म्हणून लिहितोय.

आता आमच्याकडे रोज सोहळा असतो. मुंगी आरशासमोर स्टुलावर बसते. मी पंप हलवतो, डब्याला लावतो, दाबतो. मोजायचं काम मात्र माझ्याकडून काढून घेतलंय. "बाबा, तू घाई करतोस, ट्रक काढल्यासारखी." त्यामुळे मोजते तिची आई. चूळ भरल्यावर आरशावर फवारा उडतो तो पुसायचं काम माझं.

दहा-बारा दिवसांतच फरक पडलाय. जिना एका दमात चढते. झोपेतला खोकला गेला. पण एक गोष्ट कळत नाही. सुटीच्या दिवशी छान असते, आणि शाळेच्या दिवशी घरी येते ती छातीत शिटी घेऊनच. वर्गाच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "एकटी नाही हो ती. छत्तीस मुलांत अकरा जणांचं असंच आहे. दुपारपर्यंत अर्धा वर्ग खोकत असतो." वर्ग मागच्या बाजूला आहे, भिंतीला लागून. भिंतीपलीकडे रस्ता. रस्त्यावर ट्रक उभे असतात.

असो. तब्येतीला जप.

तुझा भाऊ


१७ जानेवारी

ताई,

मुंगी बरी आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

मागच्या पत्रात 'ट्रक उभे असतात' असं लिहून मी 'असो' म्हटलं होतं. तू ते वाचून नक्की थांबली असशील. तो ट्रक माझाही असतो. आमच्या गोदामाचं गेट शाळेच्या पुढे आहे. माल उतरवायची रांग लागते ती शाळेच्या मागच्या भिंतीला धरून. कधी दहा गाड्या, कधी वीस. नंबर यायला दोन-दोन तास. इंजिन कोणीच बंद करत नाही. थंडीत केबिन गार पडते, ब्रेकची हवा उतरते, आणि पुढची गाडी हलली की लगेच हलावं लागतं, नाहीतर मागचा घुसतो. मी बारा वर्षं असाच उभा राहतोय. तिथे शाळा आहे हे मला माहीत होतं. माझीच पोर तिथे शिकते. पण ताई, केबिनमधून भिंत दिसते, फक्त भिंत. भिंतीला पलीकडची बाजू असते हे डोक्यात येत नाही.

मंगळवारी सकाळी माझी गाडी रांगेत नेमकी वर्गाच्या खिडकीसमोर आली. मी डुलक्या काढत होतो. "पंखा लावा, पंखा!" असा बाईंचा आवाज आला आणि मी मान वळवली. ट्रकच्या केबिनमधून भिंतीवरून आत दिसतं. पहिल्यांदाच पाहिलं. एक पोरगी बाकावर वाकून बसलेली, दोन्ही हात बाकावर टेकलेले, खांदे वर-खाली. पाठमोरी होती. वेणीची रिबीन पाहिली आणि ओळखलं.

बाई खिडकी बंद करायला आल्या. कशासाठी, तर धूर आत येत होता. माझ्या गाडीचा धुराचा पाईप केबिनच्या मागे उभा आहे, अगदी त्या खिडकीच्या उंचीवर. बाईंनी मला पाहिलं. खिडकी लावून घेतली.

मी किल्ली फिरवली. बॉनेटवर चढून भिंतीवर, भिंतीवरून आत. या वयात! गुडघा सोलला ते नंतर कळलं. आत गेलो तर मुंगीला बोलता येत नव्हतं, एकेक शब्द तुटत होता. "बा. बा. पंप." निळा पंप घरी. शाळेत औषध ठेवायला परवानगी नाही. आयाबाई घराकडे धावल्या. मी तिला मांडीवर घेऊन ताठ बसवलं, तू वॉर्डात बसवायचीस तसं. हिने दारातूनच पंप आणि डबा माझ्या हातात फेकला. पायात चप्पल नव्हती तिच्या. आयाबाई निघाल्यापासून पंप हातात येईपर्यंत अकरा मिनिटं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. ताई, अकरा मिनिटांत माझं आयुष्य होऊन गेलं.

चार वेळा दाबल्यावर ओठांचा रंग परत आला. मग तिथून हॉस्पिटल, वाफ, दोन दिवस वॉर्ड. तुझ्या जागी एक तरुण सिस्टर आहेत. चांगल्या आहेत, पण ओरडत नाहीत. मला चुकल्यासारखं वाटलं.

घरी आल्यावर मुंगीने विचारलं, "बाबा, तू भिंतीवरून आलास?" मी म्हणालो, "हो." तर म्हणते, "मोठ्या बाईंनी पाहिलं असतं तर तुला उभं केलं असतं."

बाहेर तुझा धूर होता का, असं तिने विचारलं नाही. तिला माहीत नाही. तुला सांगितलं.

तुझा भाऊ


२ फेब्रुवारी

ताई,

तुझ्या पत्राबद्दल आभार. मुंगीने तुझं चित्र भिंतीवर लावलंय. फुप्फुसांना तू हातपाय काढलेस ते तिला फार आवडलं.

काल मी मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो, मुंगीला न घेता. तू पालकांना विचारून विचारून जी वही भरत होतीस, कुठलं मूल, कुठल्या गल्लीतलं, कितव्यांदा आलं, ती त्यांनी सांभाळून ठेवली आहे. त्यावरून त्यांनी नकाशा केलाय आणि धाप लागून दाखल झालेल्या प्रत्येक मुलासाठी एक टाचणी टोचली आहे. टेकडीवरच्या भागात तुरळक टाचण्या. खालच्या वस्तीत, गोदाम आणि मोठ्या रस्त्याच्या मध्ये, टाचणीला टाचणी लागलेली.

मी विचारलं, "वरच्या मुलांना दमा होत नाही का?"

"होतो की," डॉक्टर म्हणाले. "ती मुलं चालत येतात, तपासून जातात. तुमच्याकडची उचलून आणावी लागतात. वरच्या शाळेत खिडकीबाहेर झाडं आहेत, दप्तरात पंप आहे आणि बाईंना तो कसा द्यायचा ते शिकवलंय. फुप्फुसं सारखीच असतात हो. बाकी काहीच सारखं नाही." मग म्हणाले, "तुमच्या ताई हेच सांगत होत्या."

निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मला माहीत असेल असं त्यांना वाटलं. त्या दिवशी, आपलं भांडण झालं त्या दिवशी, सकाळी तुझ्या वॉर्डात चार वर्षांचा एक मुलगा गेला होता. आमच्या मागच्याच गल्लीतला. उशिरा आणलेला. त्याच्या आईला तू बाकावर धरून बसली होतीस, आणि तेवढ्यात मी मुंगीला खांद्यावर टाकून आत आलो. पंप घरी, बॅगेत, एकशे सत्त्याण्णव आकड्यावर.

मला वाटत होतं, तू माझा अपमान केलास.

आता जे लिहायचंय त्यासाठी दोन कागद फाडले, हा तिसरा. भांडणानंतर तीन दिवसांनी मॅनेजरने सगळ्या ड्रायव्हरांपुढे एक कागद ठेवला. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांना पत्र. एक सिस्टर वस्तीत फिरून पालकांना गोदामाविरुद्ध भडकवतात, त्यांना आवरा, असं. नाव लिहिलेलं होतं. तुझं. मॅनेजरला आपलं नातं माहीत नव्हतं. नको म्हणून मागे सरकलो असतो तर कोणी विचारलंही नसतं. मी नाव वाचलं, पेन घेतलं आणि सही केली. सातवी सही माझी आहे. महिन्याच्या आत तुझी बदली झाली.

माफी मागत नाही. मागायला तोंड लागतं. तुला कळायला हवं होतं, एवढंच.

तुझा भाऊ म्हणवून घ्यायचं की नाही, ते तू ठरव.


२१ मार्च

ताई,

सात आठवडे झाले, पोस्टमनने मान हलवायचंही सोडलंय. उत्तर मागत नाही. इथलं कळवतो. ऐकायचा हक्क तुझा सगळ्यात आधी आहे, कारण काम तुझंच होतं.

मी ड्रायव्हरांशी बोललो. आमच्यातले सगळ्यात जुने, त्यांना सगळे मामा म्हणतात, ते म्हणाले, "इंजिन बंद केलं तर हवा उतरते. नंबर आला की हवा भरेपर्यंत मागचा पुढे घुसतो. तू काय मागच्याची आरती करणार?" सगळे हसले. मी म्हणालो, "मामा, तुमचा नातू कुठल्या वर्गात आहे?" ते म्हणाले, "पहिलीत. समोरच्या बाजूला." मग म्हणाले, "तिसरीत गेला की मागच्या बाजूला येईल." कोणी हसलं नाही.

मामांनाच युक्ती सुचली. रांगेत गाड्या लावायच्याच कशाला? गोदामाच्या पलीकडे मोकळं मैदान आहे. तिथे इंजिन बंद करून थांबायचं, गेटवर चिठ्ठी घ्यायची, नंबर आला की कारकुनाने फोन करायचा. मी मॅनेजरकडे गेलो. तो म्हणाला, "तू ड्रायव्हर आहेस की डॉक्टर?" मी म्हणालो, "साहेब, ड्रायव्हरच आहे. म्हणून तर धूर कुणाचा आहे ते माहितीये." त्याने मला बाहेर काढलं. हातातली खेप काढून घेतली आणि आठवडाभर घरी बसवलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी न विचारता गाडी मैदानात लावली. मग आणखी दोघांनी. शुक्रवारपर्यंत सोळा गाड्या. माल वेळेवर उतरत होता, गेटवरची शिवीगाळ बंद झाली होती. मॅनेजरने मला बोलावून घेतलं. ही पद्धत आता त्याचीच आहे, तसा बोर्डही लागलाय. लागू दे. बाहेरगावच्या गाड्या अजून भिंतीशी उभ्या राहतात. आम्ही आळीपाळीने जाऊन काचेवर टकटक करतो. काही ऐकतात. काही आईबहीण काढतात.

डॉक्टरांच्या पत्रावर मोठ्या बाईंनी वर्गाच्या कपाटात निळे पंप ठेवायला परवानगी दिली. अकरापैकी नऊ घरांतून पंप आले. दोन आले नाहीत. त्यातल्या एका आईकडे मी गेलो. ती म्हणाली, "दादा, मुलीला पंपाचं नाव लागलं तर?" मी तिला एकशे सत्त्याण्णवची गोष्ट सांगितली. सगळी. भिंतीसकट. तिने पंप दिला. दुसरं घर दार उघडत नाही. परत जाईन.

कपाटात पंप आहेत, पण बाई ते हातात घ्यायला धजत नाहीत. म्हणाल्या, "चुकून जास्त दिला तर? आम्हाला कोणीतरी नीट शिकवायला हवं."

मी तुझं नाव घेतलं नाही. ते घ्यायचा हक्क मला राहिलेला नाही. पण डोक्यात दुसरं कोणी आलं नाही.


८ एप्रिल

ताई,

तुझं पत्र हिने दारातच फोडलं आणि मोठ्याने वाचलं. वाचायला वेळ लागला नाही.

"सही मी त्याच दिवशी ओळखली होती. साहेबांनी कागद माझ्यापुढे धरला होता. तुला अक्षरं मी गिरवायला शिकवली आहेत. तू स्वतःहून सांगतोस का, याची वाट बघत होते. मी अजून रागावलेली आहे. तुमच्या डॉक्टरांनी पत्र पाठवून बोलावलंय. सव्वीसला येते, चार दिवस, बाईंना शिकवायला."

म्हणजे जवळजवळ दोन वर्षं तुला माहीत होतं. आणि त्याच हातांनी तू मुंगीसाठी पार्सल बांधलंस. मी ट्रक धुवायला खाली गेलो आणि ट्रक धुतलेलाच होता.

मुंगीची खबर देतो. परवा शाळेत धावण्याची शर्यत झाली. दोन वर्षं ती बाकावर बसून सगळ्यांचे बूट सांभाळायची. या वेळी बाईंनी नाव घातलं. आधी निळा पंप, मग दहा मिनिटं बसणं, मग मैदान. धावली. शेवटून दुसरी आली. माझ्याकडे आली ती घामेजून, लालबुंद, आणि छाती फक्त धावल्यासारखी उडत होती. मी कान लावला. शिटी नाही. ती म्हणाली, "बाबा, कान काढ, गुदगुल्या होतात. आणि मी एकीला मागे टाकलं, पाहिलंस का?"

पाहिलं. त्या एकीलाही पाहिलं. कपाटात जिचा पंप नाही, तीच ती. अर्ध्यात थांबली, कमरेवर हात ठेवून वाकली, मग चालत आली. मी त्या घरी चारदा गेलो, दार उघडलं नाही. आल्यावर माझ्याबरोबर येशील? तुझ्यासाठी उघडतील. पुरुषाने पंपाचं बोलायला येणं त्या बाईला आवडत नसावं.

सव्वीसला मी गाडी घेऊन येणार नाही, चालत येईन. बस सकाळी नऊला येते. हिने आतली खोली तुझ्यासाठी रिकामी केली आहे, आम्ही बाहेर झोपू. मुंगी म्हणते, आत्याच्या शेजारी मीच झोपणार, आणि ते तिने आईकडून लिहून घेतलंय.

ताई, राग सोडून ये असं मी म्हणणार नाही. राग घेऊनच ये. घर दोन खोल्यांचं आहे, पण आम्ही त्यालाही जागा करू.

तुझा भाऊ